बारा पॉइंट सात

वीज कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस. हे वाक्य प्राध्यापकांनी तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं, दर वर्षी पहिल्या तासाला, खिडकीबाहेर नजर लावून उच्चारलं होतं. ते इतकं भारदस्त होतं की निवृत्तीच्या दिवशी मुलांनी ते फ्रेम करून दिलं, आणि फ्रेम दिवाणखान्यात मीटरच्या पेटीवर बरोबर बसली.

निवृत्तीनंतरच्या चौथ्या महिन्यात, प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता, भाड्याच्या मोटरहोममध्ये पोटावर झोपून आणि तोंडात टॉर्च धरून ते बॅटरीला ‘हलकट’ म्हणाले. तोंडात टॉर्च असल्यामुळे शब्द नीट उमटला नाही. पण तो बॅटरीपर्यंत पोचला असावा, कारण मल्टिमीटरवरचा आकडा त्याच क्षणी अकरा पॉइंट नऊवरून अकरा पॉइंट आठवर आला.

भरलेली बॅटरी बारा पॉइंट सात व्होल्ट दाखवते. बाराच्या खाली गेली की तिच्यात राम उरला नाही असं समजायचं. मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिनची, गाडी सुरू करण्यापुरती. ती ठणठणीत होती. दुसरी घरची, मागच्या भागासाठी. या घरच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज चालत, पण ते गेले चुलीत. तिच्यावर बाबा चालत.

बाबा म्हणजे प्राध्यापकांचे वडील, वय चौऱ्याऐंशी. त्यांची फुप्फुसं त्यांच्याच शब्दांत जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखी झाली होती: आवाज जास्त, पुरवठा कमी. त्यांना रात्रभर आणि दुपारी दोन तास ऑक्सिजनचं मशीन लागे. टेबलाखाली मावेल एवढं ते मशीन पाळलेल्या प्राण्यासारखं सुस्कारे सोडत बसायचं. आज पहाटे त्याने सुस्कारे थांबवून शिट्टी मारली होती, आणि तेव्हापासून बाबा हातभर उंचीच्या राखीव सिलिंडरवर होते. सिलिंडर चार तासांचा होता. काटा अर्ध्यावर आला होता, म्हणून आता तो मधेमधे बंद ठेवून पुरवत होते.

या सगळ्याची सुरुवात आत्यापासून झाली. बाबांची थोरली बहीण नव्वदीची, पाच दिवसांच्या रस्त्यावर राहायची, आणि भावाबहिणीची अकरा वर्षांत गाठ नव्हती. मागच्या खेपेला इस्पितळात बाबा छताला उद्देशून म्हणाले होते, “ताईला एकदा बघायला पाहिजे होतं.” छताने लक्ष दिलं नाही, पण सुनेने, म्हणजे प्राध्यापकांच्या बायकोने, ऐकलं. सून तीस वर्षं टेलिफोन खात्यात चौकशीच्या खुर्चीवर होती. जगात कुणीही कुठेही पुटपुटलं तरी तिला ऐकू जाई. विमानवाल्यांनी मशीनसाठी एक फॉर्म मागितला, आणि तो फॉर्म मिळवण्यासाठी दुसरा. आगगाडीत रात्रभर प्लग मिळण्याची हमी कुणी देईना. तेव्हा प्राध्यापकांनी हे फिरतं घर भाड्याने ठरवलं. विजेचा विषय होता. विजेला ते काय घाबरणार?

गाडीच्या मालकाने गाडी समजावून द्यायला अर्धा तास काढून ठेवला होता. प्राध्यापक प्रत्येक वाक्याला “हो, ते माहीत आहे” म्हणत गेल्यामुळे तो पाच मिनिटांत आटोपला. उरलेल्या पंचवीस मिनिटांत मालकाने चहा पाजला. निघताना त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं, पण तोवर प्राध्यापक गिअरमध्ये होते.

घरातल्या घरात एक नाजूक प्रकरण होतं, ते इथेच सांगितलेलं बरं. बाबा दहावी शिकून विजेच्या उपकेंद्रात छत्तीस वर्षं ऑपरेटर होते. त्या नोकरीवर मुलगा विजेचा प्राध्यापक झाला. पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने बापाला ट्रान्सफॉर्मरचं सूत्र समजावून सांगितलं. बाबांनी “असं होय” म्हणून डबा उचलला आणि ड्यूटीवर गेले. त्या दिवसापासून ते मुलाला प्रोफेसर म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मोजण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही. दोघं एकमेकांना उच्चदाबाच्या तारेइतका मान देत, म्हणजे लांबून.

पहिल्या दिवशी निघताना प्राध्यापकांनी आदेश काढला होता. “बाबा, तुम्ही फक्त बसायचं. कशाला हात लावायचा नाही. आणि बोलायचंही नाही, तुम्हाला दम लागतो.” बाबांनी मान हलवली होती. बसायची जागा तेवढी त्यांनी स्वतः निवडली: मागच्या भागात, घरच्या बॅटरीच्या वरचा बाक. शेजारी दिव्यांचं आणि बटणांचं पॅनेल होतं; पॅनेलजवळ बरं वाटतं, म्हणाले. पट्टा लावला, मांडीवर डायरी ठेवली आणि खरोखरच कशाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दोष चमत्कारिक होता. गाडी चालली की इंजिनने घरची बॅटरी भरली पाहिजे; गाडीचा तो धर्मच आहे. पहिल्या दिवशी पाच तास गाडी चालवून बॅटरी जेवढी होती तेवढीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पण थांबल्यावर, इंजिन चालू ठेवून, मागे जाऊन मीटर लावला की आकडा चौदा पॉइंट दोन. म्हणजे बॅटरी मजेत भरते आहे. उभ्या गाडीत भरते, चालत्या गाडीत भरत नाही. छपरावर सौर पॅनेल होतं, पण तीन दिवस आभाळ गच्च होतं आणि त्याचा उपयोग पक्ष्यांना बसायला होत होता.

प्राध्यापकांनी फ्यूज काढून पाहिले. टोकं घासली, त्यात बायकोची नखांची कानस गेली. जमिनीची तार सोडवून पुन्हा आवळली. बाकाखालची लाल चावी, म्हणजे घरच्या बॅटरीचा मुख्य स्विच, त्यांनी तीन दिवसांत अकरा वेळा तपासली, आणि अकराही वेळा ती चालू होती. त्यांनी कागदावर आकृती काढली. आकृतीतली गाडी उत्तम चालत होती.

तिसऱ्या सकाळी, अकरा पॉइंट आठवर, ते जमिनीवरून उठले आणि पेंगुळलेल्या चेहऱ्याने बायकोला निष्कर्ष सांगितला. गाडी चालली तर बाबांचा श्वास थांबतो, आणि बाबांचा श्वास चालू ठेवायचा तर गाडी थांबवावी लागते.

“म्हणजे आपण पोचू किंवा बाबा,” ती म्हणाली.

“तसं नाही.”

“मग कसं?”

प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

तिने सकाळचा हिशोब दिला. दूध पुन्हा नासलं होतं. आणि ओव्हनचं घड्याळ कालच्या मुक्कामालाही शून्य दाखवत होतं. ती ते रोज संध्याकाळी मुक्कामावर लावायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामापर्यंत ते पुन्हा शून्यावर. प्राध्यापक म्हणाले, दाब कमी झाला की घड्याळं अशीच वेडी होतात, हा परिणाम आहे, कारण नाही. ती म्हणाली की तिच्या खात्यात घड्याळ शून्यावर आलं तर लोक समजायचे की कुणीतरी वीज बंद केली होती. प्राध्यापकांनी तिच्याकडे, चुकीचं उत्तर देणाऱ्या पण गुणी विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं.

त्या सकाळी त्यांनी एक तास चालायचं आणि एक तास इंजिन चालू ठेवून उभं राहायचं असं ठरवलं. पहिल्याच उभ्या तासाच्या चाळिसाव्या मिनिटाला इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. आकडा बारा पॉइंट एकवर चढला होता. इंजिन बंद करावं लागलं. म्हणजे उभं राहायचीही सोय उरली नाही. आता रस्त्याच्या कडेला एक मोटरहोम होतं, त्यात तीन माणसं, आणि तीन माणसांत मिळून पावणेदोन तासांचा सिलिंडर.

बाबांच्या ओठांचा रंग प्राध्यापकांना पाहवत नव्हता. त्यांनी बॅटरीपुढे मन मोकळं केलं. म्हणजे बाबा झोपलेत असं समजून ते बाकाशेजारी उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले की हवं तर फ्रीज घे, पंप घे, परतीच्या वाटेवर मला भर रस्त्यात सोड, पण एवढे दोन दिवस चाल. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही उपकरणाशी असं बोलणं केलं नव्हतं. बाबांनी एक डोळा उघडला.

“प्रोफेसर, एक विचारू का?”

“बाबा, बोलू नका ना. हवा पुरवायची आहे.”

बाबांनी डोळा मिटला.

मग प्राध्यापकांना युक्ती सुचली. चालवताना त्यांना मागचं पॅनेल दिसत नव्हतं, आणि चालत्या गाडीत कुणी उठायचं नाही असा बाबांचा जुना कायदा असल्यामुळे बायकोलाही मागे पाठवता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी तिचा फोन पॅनेलसमोर कपाटाला चिकटपट्टीने चिकटवला, चित्रण सुरू केलं आणि गाडी हाकली. इंजिन गार झालं होतं, आभाळ तसंच होतं. पन्नास मिनिटांवर एका चौफुल्याला थांबून त्यांनी चित्रण बघितलं. चालत्या गाडीत भांडी, दारं आणि खिडक्या मिळून जो गोंगाट करत होती तो सहन होईना, म्हणून आवाज बंद ठेवून बघितलं. गाडी निघण्याच्या क्षणी पॅनेल मालवलं होतं. थांबण्याच्या क्षणी उजळलं होतं. मधली पन्नास मिनिटं काळं पॅनेल, आणि त्यात अधूनमधून बाबांच्या टकलाचं प्रतिबिंब.

“हादरा,” प्राध्यापक म्हणाले. “निघताना जो हादरा बसतो त्याने कुठला तरी सांधा सुटतो, आणि थांबताना पुन्हा बसतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“एवढा वक्तशीर सांधा,” ती म्हणाली.

चौफुल्यावर एक पेट्रोलपंप, एक टायरचं दुकान आणि गाड्यांच्या विजेची कामं करणाऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री आडव्या अंगाचा माणूस होता. बोलायचा कमी आणि प्रत्येक वाक्याआधी कापडाने हात पुसायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आपोआप वजन यायचं. त्याने आधी बाबांकडे बघितलं, मग सिलिंडरच्या काट्याकडे. काटा लाल पट्टीत होता. गाडीबद्दल एक शब्द न विचारता त्याने आतून खुर्ची आणली, बाबांना गॅरेजमध्ये बसवलं आणि मशीनची पिन स्वतःच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली. मशीन सुस्कारलं. बाबांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं बघितलं. प्राध्यापक वळून टायरच्या दुकानाकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना टायर बघायचे होते.

बाबांच्या ओठांवर रंग यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात प्राध्यापकांनी मिस्त्रीला दोष सांगितला: ठिणगी, हादरा, सांध्याचं तापमान, आकृतीसह. मिस्त्रीने आकृती धरून बघितली आणि परत दिली. म्हणाला, चालवून बघू.

दोघं गाडी घेऊन निघाले. प्राध्यापक चालवत होते, मिस्त्री मागे बाकावर मीटर धरून बसला होता. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा होता आणि प्राध्यापक एकही खड्डा सोडत नव्हते. मागून मिस्त्रीचा आवाज येत राहिला: चौदा पॉइंट दोन. चौदा पॉइंट दोन. चौदा पॉइंट तीन. दहा किलोमीटर जाऊन दहा किलोमीटर परत आले. बॅटरी भरत होती. पॅनेल लखलखत होतं.

“गाडी निरोगी आहे,” मिस्त्रीने उतरून हात पुसले. “तुमच्यापेक्षा.”

“पण तीन दिवस…”

“तीन दिवसांचं मला माहीत नाही. मी आज बघितली.”

दोष सापडणं वाईट. पण दोष न सापडणं त्याहून वाईट. सापडलेला दोष दुरुस्त करता येतो, नाहीतर त्याला शिव्या तरी देता येतात. प्राध्यापक पायरीवर बसले. मिस्त्री म्हणाला, पाच वाजेपर्यंत घरच्या बॅटरीला बाहेरून चार्जिंग लावून देतो, पाचला मी शटर ओढतो, तेवढ्यात आजची रात्र निघेल. प्राध्यापकांनी मान हलवली. आजची निघेल. उद्याची? अजून दोन दिवसांचा रस्ता होता. आज बरी असलेली गाडी उद्या चालू लागली की तो सांधा पुन्हा सुटणार, कुठल्या तरी माळावर, भर दुपारी, रिकामा सिलिंडर जवळ असताना. ज्या दोषाचं कारण माहीत नाही त्याच्या भरवशावर बापाचा श्वास टांगायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यासाठी पदवी लागत नाही.

त्यांनी बायकोशी बोलणं टाळलं, कारण बोलले असते तर धीर सुटला असता. मिस्त्रीकडून नंबर घेऊन त्यांनी अँब्युलन्सला फोन केला. जिल्ह्याच्या इस्पितळातून गाडी निघेल, अडीच तास लागतील, रुग्णाला इस्पितळात ठेवून पुढे घरी परत पाठवायची व्यवस्था होईल, असं पलीकडच्या बाईने सांगितलं. तिने प्रवासाचा हेतू विचारला. प्राध्यापक म्हणाले, “नातेवाइकांची भेट.” तिने टाइप केल्याचा आवाज आला.

मग ते बाबांसमोर गेले. शब्द आधी जुळवून ठेवले होते, तरी बाहेर येताना क्रम चुकला. परत जावं लागेल. आत्याला फोन लावून देतो, चेहरा दिसेल असा. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी हे शब्द ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर उच्चारत होते. बाबांनी हरकत घेतली नाही, कारण ते ऑपरेटर होते आणि वरून आलेला आदेश होता. त्यांनी डायरी उघडली, घड्याळात बघितलं, एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

सून मोटरहोमच्या पायरीवर बसली होती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने स्वतःच्या फोनवरचं ते पन्नास मिनिटांचं चित्रण लावलं, आणि सवयीप्रमाणे कानात बोंडं घातली. तीस वर्षं खरखरीतून माणसं वेगळी काढली होती. भांडी आणि दारं म्हणजे किस झाड की पत्ती. सुरुवातीच्या अकराव्या सेकंदाला, इंजिन सुरू झाल्याबरोबर, पॅनेल मालवण्याच्या आधी, कुणीतरी अगदी हळू आवाजात पण स्पष्ट उच्चारात म्हणालं: “लाईन बंद. दहा पस्तीस.” मग एक खटका. शेवटी, गाडी थांबल्यावर: “लाईन चालू. अकरा पंचवीस.” पुन्हा खटका. आणि पॅनेल उजळलं.

तिने ते तीनदा ऐकलं. मग बोंडं काढली, गॅरेजमध्ये गेली, सासऱ्यांच्या खुर्चीसमोर पाटासारखा पडलेला एक जुना टायर ओढून त्यावर बसली, आणि तीन दिवसांत कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला.

“बाबा, गाडी निघताना तुम्ही काही बंद करता का?”

“करतो की,” बाबा म्हणाले. “लाल चावी. बंद करून खिशात ठेवतो. गाडी थांबली की परत लावतो.”

प्राध्यापक दारात उभे होते. त्यांच्या हातातून मल्टिमीटर पडला नाही, कारण तो आधीच खाली ठेवला होता.

“रोज?” सुनेने विचारलं.

“प्रत्येक खेपेला. नोंद आहे.” त्यांनी डायरी पुढे केली. तीन दिवसांची पानं सुवाच्य अक्षरात भरली होती: वेळ, बंद, सही, वेळ, चालू, सही. प्राध्यापकांची आकृती एवढी नीटनेटकी नव्हती. सगळ्यात खाली, पाच मिनिटांपूर्वीची ओळ होती: ‘प्रवास रद्द. वरिष्ठांच्या आदेशावरून.’

“बाबा, मी म्हटलं होतं कशाला हात लावू नका,” प्राध्यापक म्हणाले.

“हात लावू नको म्हणालास. मी कप्प्यांना, नळांना, कशाला लावला नाही. पण लाईन बंद करणं म्हणजे हात लावणं नव्हे, प्रोफेसर. ती ड्यूटी. माणसं हलत असताना लाईन जिवंत ठेवायची नाही आणि चावी ज्याने बंद केली त्याच्याच खिशात राहायची.” ते दम खायला थांबले. “एकदा राहिली होती जिवंत. ड्यूटीवरचा माझा जोडीदार त्यात गेला. नोंद दुसऱ्याने केली होती.”

हे त्यांनी छत्तीस वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं.

“पण तुमचंच मशीन बंद पडत होतं. तुम्हाला कळत नव्हतं का?”

“चावी बंद ठेवली की बॅटरी भरत नाही, हे मला कसं कळणार? ती तुझी विद्या. आमच्याकडे बॅटऱ्या वेगळ्या खोलीत असायच्या.” बाबांनी नळी नाकात नीट बसवली. “आज सकाळी विचारणार होतो. तू बॅटरीशी बोलत होतास तेव्हा. तू म्हणालास हवा पुरवायची आहे.”

प्राध्यापक टायरवर, बायकोच्या शेजारी बसले. टायर दोघांच्या वजनाने थोडा खाली गेला. त्यांना हसू येत होतं की दुसरं काही, हे त्यांचं त्यांना ठरवता येईना; मग बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ते दुसरं काही होतं असं ठरलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून आधीच पुसलेले हात पुन्हा पुसत राहिला.

थोड्या वेळाने त्यांनी अँब्युलन्सला फोन केला. बाई तीच होती. गाडी रद्द करायला कारण लागतं, ती म्हणाली.

“दोष सापडला,” प्राध्यापक म्हणाले.

“कुठला दोष?”

प्राध्यापकांनी खुर्चीतल्या ऑपरेटरकडे बघितलं. “ऐकण्याचा,” ते म्हणाले.

“रुग्णाचा?”

“नाही. माझा.”

तिने टाइप केलं. कान, नाक, घसा विभागाची वेळ हवी आहे का, असंही विचारलं.

पाच वाजेपर्यंत मिस्त्रीने बॅटरी भरून दिली आणि टायरवाल्याच्या मेव्हण्याकडून एक भरलेला सिलिंडर मिळवला. निघताना प्राध्यापक मागे आले. बाकासमोर उभे राहून त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, वडिलांना कामासंबंधी विनंती केली: ही लाईन चालू ठेवावी, कारण ती बंद केली की तुमचं मशीन बंद पडतं, चावी तुमच्याच ताब्यात राहील, पण चालू जागेवर. बाबांनी विचार केला. लेखी मिळेल का, म्हणाले. प्राध्यापकांनी आकृतीच्या मागे लिहून सही करून दिलं. बाबांनी ते वाचून, घडी करून डायरीत ठेवलं आणि नोंद केली: ‘१७.१०. लाईन चालूच ठेवली. मुलाच्या लेखी आदेशावरून.’ वरिष्ठ हा शब्द त्यांनी या वेळी वापरला नाही. प्राध्यापकांनी ते वाचलं, आणि गाडी सुरू करायला त्यांना जरा वेळ लागला.

पुढचे दोन दिवस सांगण्यासारखं काही घडलं नाही. दूध नासलं नाही. ओव्हनचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. बाबा डायरीत तासातासाला ‘चालू’ लिहीत होते आणि प्राध्यापक थांबल्यावर ते वाचायला मागत होते. दोघांमध्ये एवढा पत्रव्यवहार याआधी झाला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी बॅटरीने बारा पॉइंट सात दाखवले. प्राध्यापकांनी बाबांना बोलावून आकडा दाखवला. “असं होय,” बाबा म्हणाले.

दुपारी अडीचला गाडी आत्याच्या घरासमोर लागली. आत्या दारात काठी धरून उभी होती. नव्वदीची, पाठीत वाकलेली, आणि तेवढी वाकूनही भावाला रागवण्याइतकी उंच. अकरा वर्षांनी तिने त्याला बघितलं आणि म्हणाली, “जेवण गार झालं.” बाबांनी तिचा हात धरला आणि दोघंही उंबऱ्यातच थांबली, कारण उंबरा कुणी आधी ओलांडायचा यावर एकमत होईना.

मशीन आत नेऊन प्राध्यापकांनी पिन खोचली. मशीन गप्प. त्यांनी दुसरं सॉकेट बघितलं, मग तिसरं. त्यांचा चेहरा बघून आत्या म्हणाली की सांगायचं राहिलं, आज गल्लीत खांबावर काम चाललंय, लाईन सकाळपासून बंद आहे. बाबांनी खिडकीतून खांबावर चढलेल्या दोन माणसांकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मशीन परत मोटरहोममध्ये नेलं. बहीणभाऊ दुपारभर तिथेच बाकावर बसून बोलत होते, आणि गार झालेलं जेवणही आत्याने तिथेच मागवून घेतलं.

वीज सहाला येणार होती. ती सव्वासहाला आली.